मोबाइल दूरध्वनीवरील चिन्हांकन भाषा

मोबाइल दूरध्वनीवरील चिन्हांकन भाषा : मोबाइल दूरध्वनीच्या लहान पडद्यावर, अल्प स्मृतिक्षमतेत आणि मंदगती बिनतारी जालातून वेबपृष्ठे दाखविता यावीत, या हेतूने निर्माण केलेल्या संगणकीय भाषांचा गट. मजकुरातील शीर्षक, परिच्छेद, दुवा, चित्र, भरावयाचा रकाना यांसारखे भाग ठराविक खुणांनी दर्शविण्याच्या पद्धतीस चिन्हांकन किंवा मार्कअप म्हणतात आणि अशा खुणांच्या नियमबद्ध संचास चिन्हांकन भाषा ही संज्ञा आहे. सु. १९९६ ते २०१० या काळात या गटातील एचडीएमएल, डब्ल्यूएमएल, सीएचटीएमएल, एक्सएचटीएमएल बेसिक व एक्सएचटीएमएल मोबाइल प्रोफाइल या भाषा विशेष प्रचारात होत्या. लहान साधनांसाठी वेगळे वेबजाल उभारावे की अस्तित्वात असलेल्या एकाच वेबजालात त्यांना सामावून घ्यावे, हा या भाषांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. दोन्ही मार्ग प्रत्यक्षात चोखाळले गेल्यामुळे त्यांची फलिते तुलनेने पाहता येतात.

पूर्वपीठिका : चिन्हांकन भाषांचा उगम वेबजालापूर्वीचा आहे. आयबीएम कंपनीतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लॉरी यांनी १९६९ मध्ये दस्तऐवजांच्या संगणकीय हाताळणीसाठी जीएमएल ही भाषा विकसित केली. तिच्या आधारे तयार झालेली एसजीएमएल ही व्यापक भाषा १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबजालाची कल्पना मांडली व त्यासाठी एसजीएमएलच्या धर्तीवर एचटीएमएल ही सोपी भाषा योजिली. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेकडे पुढे वेबजालाच्या मानकीकरणाचे कार्य आले.

मूळ एचटीएमएल ही मजकुराची रचना सांगणारी भाषा होती. तो मजकूर कोणत्या आकाराच्या पडद्यावर दिसेल, याविषयी तिच्यात काहीही गृहीत धरलेले नव्हते. तथापि १९९५ नंतर वेबपृष्ठांमध्ये तक्ते, चौकटी, रंगीत पार्श्वभूमी व मोठी चित्रे यांचा सढळ वापर होऊ लागला आणि पृष्ठे मेजावरील संगणकाचा रुंद पडदा डोळ्यांपुढे ठेवून रचली जाऊ लागली. ब्राउझरही सदोष खुणा चालवून घेऊ लागले. खूण अपुरी असली, तरी लेखकाचा हेतू ओळखून पृष्ठ दाखविण्याचे काम ब्राउझर करीत. मात्र त्यासाठी पुष्कळ स्मृती व गणनशक्ती खर्ची पडे.

याच सुमारास मोबाइल दूरध्वनीचा प्रसार झपाट्याने होत होता. त्याच्या मर्यादा अनेक प्रकारच्या होत्या. पडदा कृष्णधवल असून त्यावर मजकुराच्या चार-पाच ओळी कशाबशा मावत. कळफलक आकड्यांचा असल्यामुळे एकेक अक्षर उमटविण्यास तीच कळ अनेकदा दाबावी लागे. स्मृती काही शे किलोबाइट इतकीच असे. यूरोपात व पुढे भारतातही रूढ झालेल्या जीएसएम पद्धतीत माहितीवहनाचा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतकाच होता आणि त्यासाठी प्रथम दूरध्वनीप्रमाणेच जोडणी करून मिनिटांच्या हिशेबाने आकार भरावा लागे. अशा साधनावर तत्कालीन वेबपृष्ठ जसेच्या तसे आणणे शक्य नव्हते. त्यामुळे वेबजालाची भाषा बदलावी की तिच्यातील अवघड भाग वगळावा, हा प्रश्न निर्माण झाला.

एचडीएमएल : अमेरिकेतील अनवायर्ड प्लॅनेट या कंपनीने पहिला पर्याय स्वीकारला. अ‍ॅलन रॉसमन यांनी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन केलेल्या या कंपनीने हातात मावणाऱ्या उपकरणांसाठी एचडीएमएल ही स्वतंत्र भाषा तयार केली. एटी अँड टी कंपनीच्या १९९६ मधील पॉकेटनेट या सेवेत तिचा वापर झाला. मे १९९७ मध्ये या भाषेचा आराखडा वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमपुढे विचारार्थ ठेवण्यात आला.

एचडीएमएलने ‘पृष्ठ’ ही कल्पना बाजूस सारली. लांबलचक पृष्ठ वरखाली सरकवीत वाचणे चार ओळींच्या पडद्यावर त्रासदायक होते. म्हणून मजकुराचे ‘कार्ड’ नावाचे लहान लहान तुकडे पाडण्यात आले व एका वेळी एकच कार्ड पडद्यावर दिसेल, अशी योजना झाली. परस्परसंबंधित कार्डांचा समूह ‘डेक’ या नावाने एकदमच दूरध्वनीत उतरवून घेतला जाई. पत्त्यांच्या कॅटातून एकेक पान उलटावे, त्याप्रमाणे वापरकर्ता डेकमधील एका कार्डावरून दुसऱ्यावर जाई आणि तेवढ्यापुरती जालाशी पुन्हा देवघेव करावी लागत नसे. मंद व महागड्या जोडणीच्या काळात हा विचार सयुक्तिक होता. मात्र आधीची वेबपृष्ठे या भाषेत आपोआप येणे कठीण असल्याने प्रत्येक मजकूर नव्याने लिहावा लागे.

वॅप मंच व डब्ल्यूएमएल : १९९७ च्या सुमारास अनेक कंपन्यांच्या परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धती पुढे आल्या होत्या. अनवायर्ड प्लॅनेटप्रमाणेच नोकिया व एरिक्सन यांनीही आपापले संकेत तयार केले होते. ओम्नीपॉइंट या अमेरिकी दूरध्वनी कंपनीने अशा सेवेसाठी प्रस्ताव मागविले, तेव्हा वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून आलेल्या विसंगत पद्धतींऐवजी एकच समाईक पद्धत असावी, असा आग्रह तिने धरला. जून १९९७ मध्ये एरिक्सन, मोटोरोला, नोकिया व अनवायर्ड प्लॅनेट या चार कंपन्यांनी एकत्र काम करण्याचे जाहीर केले आणि १९९८ च्या प्रारंभी वॅप मंच ही संघटना आकारास आली. वॅप हे बिनतारी उपयोजनांसाठीच्या संकेतसंचाचे संक्षिप्त नाव होय. त्याची पहिली आवृत्ती एप्रिल १९९८ मध्ये व सुधारित १.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली.

या संकेतसंचातील चिन्हांकन भाषा म्हणजे डब्ल्यूएमएल. कार्ड व डेक यांची मूळ कल्पना तिने एचडीएमएलकडून घेतली; तिची रचना मात्र फेब्रुवारी १९९८ मध्ये मान्य झालेल्या एक्सएमएल या नव्या मानकाप्रमाणे केलेली होती. वॅपची सुविधा असलेला नोकिया ७११० हा दूरध्वनी फेब्रुवारी १९९९ मध्ये जाहीर झाला व त्याच वर्षाच्या उत्तरार्धात बाजारात आला. त्याचा पडदा ९६ × ६५ बिंदूंचा होता.

डब्ल्यूएमएलची वैशिष्ट्ये : या भाषेत मजकुराच्या खुणांबरोबरच वर्तनाच्या खुणाही होत्या. दूरध्वनीवरील एखादी कळ दाबल्यावर काय घडावे, ठराविक वेळ लोटल्यावर कोणते कार्ड यावे, वापरकर्त्याने भरलेली माहिती कोणत्या नावाने लक्षात ठेवावी, हे सर्व खुणांनी सांगता येई. अशी चल मूल्ये एका डेकमधून दुसऱ्या डेकमध्येही नेता येत. उदा., रेल्वेच्या वेळापत्रकाच्या डेकमध्ये पहिल्या कार्डावर निघण्याचे स्थानक, दुसऱ्यावर पोहोचण्याचे स्थानक व तिसऱ्यावर वेळ निवडून घेता येई आणि तिन्ही उत्तरे एकदमच सेवा देणाऱ्या संगणकाकडे धाडली जात. आकडेमोड व तपासणी यांसाठी डब्ल्यूएमएलस्क्रिप्ट ही एक छोटी आज्ञाभाषाही होती. चित्रांसाठी प्रत्येक बिंदूस एकच बिट देणारा डब्ल्यूबीएमपी हा कृष्णधवल प्रकार योजिला होता.

दूरध्वनी आणि वेबजाल यांच्यामध्ये ‘गेटवे’ नावाचा मध्यस्थ संगणक असे व तो बहुधा दूरध्वनी कंपनीच्या ताब्यात असे. वेबजालाकडून आलेल्या डेकमधील प्रत्येक खुणेच्या जागी एका बाइटाचा संकेत घालून तो डेक आटोपशीर करी व मगच बिनतारी मार्गाने पाठवी. या आकुंचनानंतरही डेकच्या आकारावर कडक मर्यादा होती. नोकिया ७११० मध्ये ती सु. १,४०० बाइट इतकी होती.

या योजनेत तीन उणिवा अंगभूत होत्या. पहिली भाषेच्या काटेकोरपणाची. एक्सएमएलच्या नियमांनुसार एखादी समाप्तिखूण राहिली, तरी संपूर्ण डेक त्याज्य ठरे व वापरकर्त्यास केवळ चूक झाल्याची सूचना मिळे. सैल एचटीएमएलची सवय असलेल्या लेखकांना हे जाचक वाटले. दुसरी उणीव सुरक्षिततेची. दूरध्वनी ते गेटवे आणि गेटवे ते बँक किंवा दुकान या दोन टप्प्यांत गुप्तलेखनाच्या पद्धती निरनिराळ्या असल्याने गेटवेमध्ये क्षणभर का होईना मजकूर उघडा होई. आर्थिक व्यवहारांच्या दृष्टीने हा दोष गंभीर मानला गेला. तिसरी उणीव सत्तेची. गेटवे ज्याच्या हाती, त्यास वापरकर्त्याने कोठे जावे हे ठरविणे शक्य होते आणि काही कंपन्यांनी आपल्या निवडक पृष्ठांपलीकडे जाण्याचा मार्ग प्रथम बंदच ठेवला. अशा बंदिस्त व्यवस्थेस ‘कुंपणातील बाग’ असे म्हटले जाऊ लागले.

सीएचटीएमएल व आय-मोड : जपानमध्ये दुसरा पर्याय आजमावला गेला. तेथील अ‍ॅक्सेस या कंपनीने एचटीएमएलमधील जड भाग वगळून उरलेल्या खुणांची ‘कॉम्पॅक्ट एचटीएमएल’ किंवा सीएचटीएमएल ही उपभाषा तयार केली. तोमिहिसा कामादा यांनी लिहिलेला तिचा आराखडा फेब्रुवारी १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने टिपणाच्या रूपाने प्रसिद्ध केला. तक्ते, चौकटी, पार्श्वचित्रे, शैलीपत्रके, नाना प्रकारचे अक्षरवळण व जेपीईजी चित्रे यांना तिच्यात स्थान नव्हते. पुढे, मागे, निवड व परत या चार कळांनी सर्व व्यवहार व्हावा, ही तिची मूळ अट होती. भाषेत नवे असे जवळजवळ काहीच नव्हते. एचटीएमएल जाणणाऱ्यास ती जवळपास येतच होती.

एनटीटी डोकोमो या कंपनीने २२ फेब्रुवारी १९९९ रोजी या भाषेवर आधारलेली आय-मोड ही सेवा सुरू केली. अभियंते केइची एनोकी, नियतकालिकाच्या संपादनाचा अनुभव असलेल्या मारी मात्सुनागा आणि व्यापारी बाजू सांभाळणारे ताकेशी नात्सुनो ही त्यामागील प्रमुख मंडळी होत. प्रारंभी ६७ संस्थांनी तिच्यासाठी मजकूर पुरविला व त्यांमध्ये बँकांचाही समावेश होता. ऑगस्ट २००० मध्ये, म्हणजे दीड वर्षातच, ग्राहकांची संख्या १ कोटीवर गेली.

या सेवेत माहितीचे वहन १२८ बाइटांच्या पुडक्यांतून होई व प्रत्येक पुडक्यास ०·३ येन आकार पडे. दर महिन्याचे मूळ शुल्क ३०० येन होते. २,००० बाइटांचे पृष्ठ पाहण्यास सु. ५ येन लागत. ते वाचण्यास कितीही वेळ लागला, तरी आकार वाढत नसे. सशुल्क मजकुराचे पैसे कंपनी दूरध्वनीच्या देयकातच वसूल करी व ९% दलाली ठेवून उरलेली रक्कम मजकूर पुरविणाऱ्यास देई. कंपनीच्या अधिकृत यादीत नसलेली पृष्ठेही पत्ता देऊन पाहता येत, त्यामुळे विद्यार्थी, दुकानदार व हौशी लेखक यांनी आपली पृष्ठे मोठ्या प्रमाणावर तयार केली. आकड्यांची कळ दाबून थेट दुव्यावर जाण्याची व दुव्यावरूनच दूरध्वनी लावण्याची सोय या छोट्या पृष्ठांवर फार उपयोगी ठरली.

आय-मोडसाठी शिगेताका कुरिता यांनी १२ × १२ बिंदूंची १७६ लहान चित्रे योजिली होती. हवामान, वाहने, मनोभाव इ. विषय थोड्या जागेत सांगण्याची ही क्लृप्ती पुढे ‘इमोजी’ या नावाने जगभर पसरली. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१६ मध्ये हा संच आपल्या संग्रहात समाविष्ट केला.

जपानमधील इतर कंपन्यांनी मात्र निराळ्या भाषा स्वीकारल्या. जे-फोनच्या सेवेत एमएमएल ही एचटीएमएलसारखी भाषा होती, तर पुढे केडीडीआयकडे आलेल्या ईझीवेब सेवेत प्रारंभी एचडीएमएल वापरली जाई. त्यामुळे एकच मजकूर तीन भाषांत मांडण्याचा भार लेखकांवर पडला.

यशापयशाची मीमांसा : यूरोपात वॅपची जाहिरात ‘खिशातील इंटरनेट’ अशा थाटात झाली व त्यामुळे लोकांची अपेक्षा भलतीच वाढली. प्रत्यक्षात जोडणी होण्यासच अनेक सेकंद जात, चार ओळींची कार्डे एकामागून एक उघडावी लागत आणि या सर्व वेळाचे पैसे मिनिटागणिक पडत. वॅप या आद्याक्षरांचा ‘थांबा आणि पैसे मोजा’ असा विनोदी अर्थ इंग्रजीत लावला जाऊ लागला. जेकब नीलसन यांच्या संस्थेने २००० मध्ये लंडन येथे २० व्यक्तींना वॅपची सुविधा असलेले दूरध्वनी देऊन पाहणी केली. आठवडाभराच्या वापरानंतर, वर्षभरात आपण ही सुविधा वापरणार नाही, असे त्यांपैकी ७०% जणांनी सांगितले.

यावरून डब्ल्यूएमएल ही भाषाच सदोष होती, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो पूर्णतः ग्राह्य धरता येत नाही. जपानमधील सेवेस पुडक्यांनी माहिती नेणारे जाल प्रथमपासून लाभले होते. यूरोपात जीपीआरएस हे तशा प्रकारचे जाल २००० नंतरच हळूहळू उपलब्ध झाले. आकारणीची पद्धत, दूरध्वनी संचांची रचना व मजकूर पुरविणाऱ्यांचा मोबदला या बाबतींतही दोन्ही प्रदेशांत मोठा फरक होता. आय-मोड सेवा मार्च २००२ मध्ये जर्मनीत व त्यानंतर लगेच नेदर्लंड्समध्ये नेण्यात आली. पण जपानसारखे यश तिला तेथे लाभले नाही. ब्रिटनमधील ओटू कंपनीने २००५ मध्ये ती सुरू केली आणि २००७ मध्येच ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. भाषा तीच असूनही फळ निराळे आले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तथापि भाषेचा वाटाही नगण्य म्हणता येत नाही. सीएचटीएमएलमधील पृष्ठ सामान्य संगणकावरील ब्राउझरमध्ये जसेच्या तसे उघडे, त्यामुळे ते लिहिणे, तपासणे व सुधारणे कोणासही शक्य होते. डब्ल्यूएमएलसाठी खास साधने, सेवा देणाऱ्या संगणकावरील वेगळी योजना व पाहण्यासाठी दूरध्वनी किंवा त्याची संगणकीय प्रतिकृती आवश्यक असे. तांत्रिक दृष्ट्या डब्ल्यूएमएल अधिक नेटकी व दूरध्वनीस अधिक अनुरूप होती. परंतु लिहिणाऱ्यांचा समुदाय तिला नव्याने घडवावा लागला, तर सीएचटीएमएलला तो आयता मिळाला.

देवनागरी मजकुराचा प्रश्न : डब्ल्यूएमएलमध्ये युनिकोड ही जागतिक अक्षरसंकेतप्रणाली मान्य असल्याने मराठी मजकूर लिहिण्यास तत्त्वतः अडचण नव्हती. व्यवहारात मात्र ती दोन प्रकारे आली. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात रोमन अक्षरास एक बाइट, तर देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा व हलन्तचिन्हास तीन बाइट लागतात. रोमन लिपीतील ‘महाराष्ट्र’ हा शब्द ११ बाइटांत मावतो. देवनागरीत त्यासाठी १० संकेत व म्हणून ३० बाइट खर्ची पडतात. १,४०० बाइटांच्या डेकमध्ये खुणांचा हिशेब सोडला, तरी ४६६ हून अधिक देवनागरी संकेत बसू शकत नाहीत. दुसरी अडचण अक्षरे उमटविण्याची. त्या काळातील बहुसंख्य संचांत देवनागरी अक्षरवळण नव्हते व जोडाक्षरे, वेलांट्या, रफार योग्य जागी जुळविणारी आज्ञावलीही नव्हती. मजकुराचे चित्र करून पाठवावे, तर ९६ × ६५ बिंदूंचा एक पडदा भरण्यास ७८० बाइट लागत आणि एवढ्यात फार तर चार-पाच ओळी येत. शिवाय चित्ररूप मजकुरात शोध घेता येत नसे. अशा रीतीने, आकाराची मर्यादा घालताना लिपीचा विचार न झाल्यामुळे तिचा भार देवनागरीसारख्या लिपींवर जवळजवळ तिपटीने पडला.

एकत्रीकरण : दोन प्रवाह एकत्र आणण्याचा यत्न वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने केला. जानेवारी २००० मध्ये एचटीएमएलला एक्सएमएलचे काटेकोर नियम लावून एक्सएचटीएमएल ही भाषा सिद्ध करण्यात आली व तिचे घटक सुटे करून त्यांतून लहान साधनांना पुरेल एवढा गाभा १९ डिसेंबर २००० रोजी एक्सएचटीएमएल बेसिक या नावाने मान्य झाला. वॅप मंचाने त्यात थोडी भर घालून २००१ मध्ये एक्सएचटीएमएल मोबाइल प्रोफाइल ही भाषा तयार केली आणि वॅप २·० या आवृत्तीत तिला मुख्य स्थान दिले. रंग, अंतरे व अक्षरवळण यांसाठी शैलीपत्रकांचा मर्यादित वापरही तीत मान्य होता. कार्ड व डेक मागे पडून ‘पृष्ठ’ ही कल्पना पुन्हा प्रस्थापित झाली. जून २००२ मध्ये वॅप मंच ओपन मोबाइल अलायन्स या व्यापक संघटनेत विलीन झाला.

भाषा एक झाली, तरी दूरध्वनी संचांतील भिन्नता कायम होती. त्यामुळे आलेला दूरध्वनी कोणता आहे, हे ओळखून त्याच्या पडद्याजोगे पृष्ठ तयार करून देण्याची पद्धत रूढ झाली व त्यासाठी शेकडो संचांच्या गुणधर्मांच्या सूच्या ठेवाव्या लागल्या. मोबाइलवरील स्थळांसाठी ‘.मोबी’ असे स्वतंत्र नामक्षेत्र असावे, ही सूचनाही पुढे आली. बर्नर्स-ली यांनी २००४ मध्ये तिला स्पष्ट विरोध केला. साधन कोणतेही असले, तरी माहितीचा पत्ता एकच असला पाहिजे, अन्यथा वेबजालाचा मूळ हेतूच नष्ट होईल, असे त्यांचे म्हणणे होते. हे नामक्षेत्र २००६ मध्ये खुले झाले; मात्र त्याचा अपेक्षित प्रसार झाला नाही. कन्सॉर्शियमने जुलै २००८ मध्ये मोबाइल वेबविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. किमान १२० बिंदूंची रुंदी व २० किलोबाइटपर्यंतचे पृष्ठ गृहीत धरून लिहिलेल्या या तत्त्वांत ‘एकच वेब’ या सूत्रास अग्रस्थान होते.

अस्त : स्वतंत्र भाषांची गरज दोन दिशांनी संपुष्टात आली. ऑपेरा मिनी हा ब्राउझर जानेवारी २००६ मध्ये जगभर उपलब्ध झाला. सामान्य वेबपृष्ठ प्रथम कंपनीच्या संगणकावर उघडून, आकुंचित करून दूरध्वनीकडे पाठविण्याची त्याची पद्धत असल्याने साध्या संचांवरही पूर्ण वेबजाल दिसू लागले. दुसरीकडे जून २००७ मध्ये अ‍ॅपलचा आयफोन बाजारात आला व संगणकावरील ब्राउझरच्या तोडीचा ब्राउझर थेट हातातील संचातच आला. मे २०१० मध्ये ईथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीनुसार आपली मांडणी बदलणाऱ्या ‘प्रतिसादी’ रचनेची कल्पना मांडली. ती लवकरच सर्वमान्य झाली व एकाच भाषेत लिहिलेले एकच पृष्ठ सर्व पडद्यांवर नीट दिसू लागले. ऑक्टोबर २०१४ मध्ये मान्य झालेल्या एचटीएमएल ५ या मानकात मोबाइलसाठी वेगळी उपभाषा नाही. डोकोमोने सप्टेंबर २०१९ मध्ये आय-मोडसाठी नवे ग्राहक घेणे थांबविले आणि सेवेच्या समाप्तीसाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख निश्चित केली.

मात्र वेगळेपणाचा मोह पूर्णपणे लोपला, असे म्हणता येत नाही. गूगलने २०१५ मध्ये पुढे आणलेली एएमपी ही एचटीएमएलवर निर्बंध घालणारी पद्धत असून मोबाइलवर पृष्ठे जलद उघडावीत, हा तिचा उद्देश होता. चीनमधील वीचॅट या उपयोजनातील २०१७ पासूनच्या लघुकार्यक्रमांसाठी डब्ल्यूएक्सएमएल ही स्वतंत्र चिन्हांकन भाषा आहे आणि ती त्या उपयोजनाबाहेर चालत नाही. दूरध्वनीची मर्यादा हे कारण आता उरलेले नसून ग्राहक आपल्याच आवारात राहावा, ही व्यापारी प्रेरणा अशा भाषांमागे अधिक दिसते.

मूल्यमापन : मोबाइलवरील चिन्हांकन भाषांचे आयुष्य जेमतेम दीड दशकाचे ठरले. ज्या मर्यादांसाठी त्या जन्मल्या, त्या मर्यादा यंत्रांच्या प्रगतीमुळे भाषांच्या प्रसारापेक्षा अधिक वेगाने दूर झाल्या. असे असले, तरी थोडक्यात सांगणे, महत्त्वाचे आधी मांडणे, वापरकर्त्याकडून कमीत कमी लिहून घेणे, साधनाची ओळख मजकुरापासून वेगळी ठेवणे हे त्या काळात घालून दिलेले दंडक आजही मोबाइलवरील लेखनात पाळले जातात.

दोन मार्गांमधील अंतर सर्वांत स्पष्टपणे दिसते, ते मागे राहिलेल्या मजकुरात. सीएचटीएमएलमधील पृष्ठ हे अखेर एचटीएमएलच असल्याने, जतन केलेले असल्यास आजच्या ब्राउझरमध्येही बहुतांशी वाचता येते. डब्ल्यूएमएलमधील डेक मात्र आजचे प्रचलित ब्राउझर दाखवीत नाहीत. तो पाहण्यास जुना संच किंवा त्याची प्रतिकृती मिळवावी लागते. बातम्या, वेळापत्रके, खेळ व पहिलेवहिले मोबाइल-साहित्य यांचा त्या भाषेत लिहिलेला भाग त्यामुळे सर्वसामान्य वाचकाच्या आवाक्याबाहेर गेला आहे. चिन्हांकन भाषेची निवड ही लेखनाच्या सोयीबरोबरच त्याच्या टिकाऊपणाशीही निगडित असते, ही जाणीव या अल्पायुषी भाषांच्या इतिहासाने करून दिली आहे.